जीपगाडीचा पंखा : पट्ट्याचा कीं विजेचा?



आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपल्यांपैकीं कांहींना नवल वाटलें असेल. पंखा म्हटला कीं छताला टांगलेला किंवा टेबलावर ठेवलेला पंखा डोळ्यांपुढें येतो. परंतु ज्या पंख्याविषयीं मी आज बोलणार आहें तो माणसासाठीं नाहीं, मोटारीच्या इंजिनासाठीं आहे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या, किंवा सुट्टींत ताडोबा, आलापल्ली, हेमलकसा, भामरागड या बाजूला स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्या कुटुंबांनीं त्याचा विचार छतावरच्या पंख्याइतकाच अगत्यानें केला पाहिजे.

या बाजूला चारही चाकांना शक्ति पोंचविणारी, म्हणजे ज्यांना आपण 'फोर बाय फोर' म्हणतों अशा गाड्यांची चाल जुनी आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें विलीज जीप आपल्या देशांत जोडण्यास आरंभ केला. पुढें १९८५ मध्यें मारुतीची जिप्सी आली. २०१० मध्यें थार आली. जिप्सीची सर्वसामान्य गिऱ्हाइकांना होणारी विक्री २०१९ मध्यें थांबली, तरी ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगांव या प्रवेशद्वारांशीं वाघ पाहण्यास जाणाऱ्या मंडळींना तीच गाडी अजून ओळखीची आहे. अशी जुनी गाडी कोणी हौसेनें किंवा गरजेनें विकत घेतली कीं पहिल्याच उन्हाळ्यांत तिचें पाणी उकळतें, आणि मग दुरुस्तीच्या कारखान्यांत कोणीतरी सुचवितो, "इंजिनावरचा हा जुना पंखा काढून टाका आणि विजेचे दोन पंखे लावा; गाडी थंड राहील, तेलही वांचेल." दुसरा कारागीर त्याला हंसतो आणि म्हणतो, "जंगलांत वीज बंद पडली म्हणजे काय करणार?" गाडीचा धनी बिचारा दोघांच्या मध्यें उभा राहतो. दोघांचेंही म्हणणें थोडें थोडें खरें असल्यामुळें त्याची अडचण अधिकच वाढते.

निवाडा करण्यापूर्वीं पंख्याचें काम काय तें पाहूं. इंजिनांत जें तेल जळतें त्याच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामीं येते. तितकीच धुराबरोबर बाहेर जाते, आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा वांटा इंजिनाच्या भोंवतीं खेळणाऱ्या पाण्याला मिळतो. हें तापलेलें पाणी पुढच्या जाळीदार रेडिएटरमध्यें येतें, तेथें त्याची उष्णता हवेला दिली जाते, आणि निवालेलें पाणी परत इंजिनाकडे जातें. गाडी तासाला पन्नास किलोमीटर वेगानें धांवत असेल तर सेकंदाला सुमारें चौदा मीटर वेगाचा वारा समोरून येत असतो. अशा वेळीं पंख्याची फारशी गरज उरत नाहीं. गरज लागते ती गाडी उभी असतांना, गर्दींत रखडतांना, आणि आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें म्हणजे वाळूंतून, चिखलांतून किंवा घाटांतून ती गोगलगाईच्या गतीनें चढत असतांना. त्या वेळीं इंजिन जोरानें काम करीत असतें आणि वारा मात्र नसतो.

आतां यांत चंद्रपूरचा उन्हाळा मिळवा. मे महिन्यांत येथें पारा ४६-४७ अंशांवर जाणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. ब्रह्मपुरीची ख्यातीही तशीच आहे. रेडिएटरमधील पाणी ९५ अंशांवर आहे असें धरा. पुण्याच्या हिंवाळ्यांतील दुपारीं बाहेरची हवा ३० अंश असेल तर पाणी आणि हवा यांत ६५ अंशांचें अंतर पडतें. चंद्रपूरच्या मे महिन्यांत हवा ४७ अंशांवर गेली कीं हेंच अंतर ४८ अंशांवर येतें. उष्णता वाहून जाण्याचें प्रमाण या अंतरावर अवलंबून असतें. म्हणून तोच रेडिएटर, तोच पंखा आणि तेंच पाणी असतांना येथें उष्णता बाहेर टाकण्याची शक्ति चतुर्थांशाहून अधिक घटते. शिवाय तापलेली हवा विरळ होते, त्यामुळें पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर जाणारी हवाही वजनानें कमी भरते. पुण्यामुंबईच्या कारागिरानें "आमच्याकडे हा पंखा उत्तम चालतो" असें सांगितलें, तर तें खरें असूनही आपल्या उपयोगाचें नाहीं, याचें कारण हें आहे.

पहिला पंखा पट्ट्याचा. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरून एक पट्टा पाण्याच्या पंपाच्या चाकावर जातो आणि त्याच चाकाच्या तोंडाशीं पंखा बसविलेला असतो. इंजिन फिरलें कीं पंखा फिरलाच पाहिजे. मध्यें बिघडण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. युद्धकाळांतील विलीज जीपची वीज अवघ्या सहा व्होल्टची असे. तिच्या डायनामोवर दिवे लागले तरी पुष्कळ. विजेच्या पंख्याचा विचारही तेथें शक्य नव्हता. परंतु या साध्या योजनेंत एक उणीव आहे. इंजिन संथ फिरतें तेव्हां पंखाही संथ फिरतो, आणि भरधांव रस्त्यावर जेव्हां वाऱ्यामुळें पंख्याची गरज नसते नेमका तेव्हां तो सर्वांत जोरानें फिरतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला कीं हवा दुप्पट जाते, परंतु त्यासाठीं लागणारी शक्ति आठपट होते. समजा, दोन हजार फेऱ्यांना पंखा एक अश्वशक्ति खात असेल, तर चार हजार फेऱ्यांना तो आठ अश्वशक्ति खाईल. साठ अश्वशक्तीच्या जीपमधून आठ अश्वशक्ति केवळ निरुपयोगी वारा घालण्यांत गेली, हें कोणत्याही हिशोबी गृहस्थाला रुचणार नाहीं. आवाज होतो तो निराळाच.

या उणिवेवर यंत्रज्ञांनीं एक सुरेख उपाय काढला. पंपाचें चाक आणि पंखा यांच्या मध्यें एक बंद डबी बसविली आणि तींत सिलिकोनचें घट्ट तेल भरलें. डबीच्या पुढच्या तोंडावर दोन निरनिराळ्या धातूंची एक चिकटविलेली पट्टी असते. शाळेंत विज्ञानाच्या तासाला आपण सर्वांनीं ही पट्टी मेणबत्तीवर धरून पाहिली आहे. एक धातु दुसऱ्यापेक्षां अधिक प्रसरण पावत असल्यानें ती तापली कीं वांकते. रेडिएटरमधून येणारी हवा फार गरम झाली म्हणजे ही पट्टी वांकून झडप उघडते, तेल डबींतील खांचांमध्यें शिरतें, आणि त्या तेलाच्या चिकटपणामुळें चाकाबरोबर पंखा जोरानें ओढला जातो. हवा निवाली कीं झडप मिटते, तेल मागें फिरतें आणि पंखा सैल पडून हलकेच फिरत राहतो. वीज नाहीं, तार नाहीं, बटण नाहीं. एक वांकणारी पट्टी आणि थोडें तेल एवढ्यावर सारा कारभार चालतो. मला हें यंत्र नेहमींच मोठें लोभस वाटत आलें आहे. सकाळीं गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटांत पंख्याचा मोठा घोंघावा ऐकूं येतो आणि मग तो विरून जातो, हें पुष्कळांनीं अनुभवलें असेल. रात्रभर तेल खांचांत उतरून राहिलेलें असतें, त्याचा तो आवाज; बिघाड नव्हे.

मात्र ही डबी अमर नाहीं. वर्षानुवर्षांच्या वापरानें तेल झिरपून जातें, पट्टीवर चिखल बसून ती आळसावते, आणि मग पंखा फिरतांना दिसतो परंतु वारा घालीत नाहीं. फिरतांना दिसतो म्हणूनच कोणाला संशय येत नाहीं. परीक्षा सोपी आहे. इंजिन चांगलें तापलेलें असतांना बंद करावें, किल्ली काढून घ्यावी, आणि पंखा हातानें फिरवून पाहावा. मधांत बोट फिरविल्यासारखा चिवट विरोध जाणवला तर डबी शाबूत आहे. एक टिचकी मारतांच पंखा तीन-चार गिरक्या घेऊं लागला, तर तेल गेलें असें समजावें. पाठीमागून तेलाचे ओघळ दिसत असतील तर परीक्षेचीही गरज नाहीं. मीं पाहिलेल्या गाड्यांत "जुना पंखा कामाचा नाहीं" म्हणून जो काढून टाकण्यांत आला, त्यांत पंखा चांगला आणि ही डबी तेवढी मेलेली, असा प्रकार वारंवार होता.

विजेच्या पंख्याची ओळख आपल्या घराघरांत मारुती ८०० मुळें झाली. १९८३ च्या अखेरीस ती रस्त्यावर आली. तिचें इंजिन आडवें बसविलेलें असे, म्हणजे त्याचा दांडा रेडिएटरकडे तोंड करून नव्हता. तेथें पट्ट्याचा पंखा बसविणेंच गैरसोयीचें. विजेची मोटर मात्र जेथें हवी तेथें बसते. पाणी ठराविक अंशांवर पोंचलें कीं एक उष्णतादर्शक कळ रिलेला खूण करते, रिले जाड तारेंतून बॅटरीची वीज मोटरला देतो, आणि पंखा पूर्ण वेगानें फिरूं लागतो, मग इंजिन संथ असो वा जलद. पाणी निवालें कीं पंखा थांबतो. पट्ट्याच्या पंख्याच्या दोन्ही उणिवा येथें एका फटक्यांत नाहींशा झाल्या. उभ्या गाडींतही पूर्ण वारा मिळतो आणि मोकळ्या रस्त्यावर शक्ति वायां जात नाहीं. बहुतेक नव्या गाड्यांत हीच व्यवस्था असते, आणि त्यांचा पंखा इंजिनाच्या संगणकाच्या आज्ञेंत चालतो. अशा गाड्यांत फेरफार करण्याच्या भरीस कोणी पडूं नये. आपला प्रश्न जुन्या, लांबीला समांतर इंजिन असलेल्या गाडीचा आहे.

विजेच्या पंख्याच्या पेटीवर तो मिनिटाला अमुक इतकी हवा ओढतो असें छापलेलें असतें. तो आंकडा सहसा मोकळ्या हवेंत मोजलेला असतो, समोर रेडिएटरची दाट जाळी नसतांना. गाडीवर बसविल्यावर, समोर रेडिएटर, त्याच्यापुढें शीत-यंत्राची दुसरी जाळी आणि त्यावर बल्लारपूर-राजुऱ्याकडच्या कोळशाची किंवा एटापल्लीच्या रस्त्यावरील लोह-खनिजाची धूळ, एवढें असतांना प्रत्यक्ष हवा पुष्कळच कमी जाते. विजेच्या दोन पंख्यांना मिळून तीस अँपिअर लागतात असें धरलें तरी त्यांची शक्ति सुमारें चारशें वॅट, म्हणजे जेमतेम अर्धी अश्वशक्ति होते. उलट, पट्ट्याचा चांगला मोठा पंखा गरजेच्या वेळीं याच्या कितीतरी पट शक्ति हवेंत ओततो. विजेचा पंखा काटकसरी आहे तो अंशतः थोडें काम करतो म्हणून. काम थोडें असेल तेथें तो उत्तम, काम अफाट असेल तेथें तो थिटा पडतो.

आणि फोर बाय फोर गाडीचें खरें काम कोणत्या वेळीं चालतें तें पाहा. वाळूंतून किंवा चढावर आपण खालचा, जोराचा गिअर टाकतों. गाडी माणसाच्या चालीनें सरकत असते, परंतु इंजिन दोन-अडीच हजार फेरे घेत असतें. म्हणजे वारा नाहीं, उष्णता भरपूर, आणि इंजिनाचे फेरे उंच. नेमक्या या स्थितींत पट्ट्याचा पंखा जोरांत असतो. 'गाडी हळू तर पंखा हळू' हें शहरी अनुमान जंगलांत लागू पडत नाहीं. शहरांतील गर्दींत इंजिन संथ असतें, तेथें विजेचा पंखा सरस ठरतो. ताडोबांतील गाड्यांची तऱ्हा या दोहोंच्या मधली. उन्हाळ्यांत पाणवठ्यावर जनावरें येतात म्हणून प्रवाश्यांची गर्दी नेमकी त्याच महिन्यांत. गाडी कच्च्या वाटेनें संथ चालते, मध्येंच थांबते, पुन्हां निघते. तेथें पंख्याचा घोंघावा हाही विचार करण्याजोगा आहे, कारण सांबराची किंवा वानराची हांक ऐकूं येणें यावर सारा खेळ अवलंबून असतो. विजेचा पंखा त्या बाबतींत सभ्य खरा.

वीज फुकट येत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवलें पाहिजे. ती इंजिनावरील अल्टरनेटरमधून येते, आणि इंजिनाची शक्ति विजेंत व वीज पुन्हां फिरतींत बदलतांना वाटेंत बरीच गळती होते. जुन्या गाडींतील अल्टरनेटर दिवे, ठिणगी आणि भोंगा एवढ्यांच्या बेतानें बसविलेला असतो. इंजिन संथ असतांना तो आपली पूर्ण वीज देतही नाहीं. त्यावर तीस अँपिअरचे पंखे लादले, रात्रीचे दिवे लागले आणि वर वातानुकूलन सुरू केलें, कीं जी तूट येते ती बॅटरींतून भरून निघूं लागते. बॅटरीचा हा कर्ज काढून चाललेला संसार फार वेळ टिकत नाहीं. म्हणून विजेचे पंखे बसवावयाचे तर अल्टरनेटर मोठा, तारा जाड, रिले चांगल्या प्रतीचा आणि फ्यूज बॅटरीजवळ, इतकें सारें एकदम केलें पाहिजे. यांतील एकही गोष्ट राहिली तर पंखा न बसविलेला बरा.

हें मी अधिक जोर देऊन सांगतों त्याला कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानें जुनी फोर बाय फोर गाडी घेतली. एका कारखान्यांत तिचा पट्ट्याचा पंखा काढून विजेचा एक पंखा लावण्यांत आला. काढतांना रेडिएटरमागचें वर्तुळाकार आच्छादनही काढून कोपऱ्यांत टाकलें, आणि पंख्याची वीज दिव्याच्या बारीक तारेंतून घेतली. मे महिन्यांत त्या कुटुंबांतील वृद्ध आईला श्वासाचा त्रास सुरू झाला म्हणून भामरागडच्या बाजूनें अहेरीच्या रुग्णालयाकडे निघाले. दुपारचे दोन वाजले होते. अर्ध्या वाटेवर कांटा तांबड्या रेषेवर गेला, पाठोपाठ जळक्या रबराचा वास आला. पंख्याची तार वितळून रिले बंद पडला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस वाळलेला पाचोळा, वणव्याचे दिवस, गाडींत गुदमरणारी आई, आणि फोनला आवाज नाहीं.

चालक मुलगा शहाणा निघाला. त्यानें रेडिएटरचें झांकण उघडलें नाहीं. त्या झांकणाच्या दाबामुळें आंतील पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांपर्यंत न उकळतां राहूं शकतें. तें झांकण काढतांच उकळतें पाणी व वाफ एकदम तोंडावर येतात. त्यानें गाडी मोहाच्या झाडाखालीं घेतली, आईला उतरवून मोकळ्या हवेंत बसविलें आणि इंजिन बंद केलें. हत्यारांच्या पेटींत जाड तारेचे दोन तुकडे होते. बॅटरींतून सरळ पंख्याच्या मोटरला त्यानें ते जोडले, मध्यें एक फ्यूज घातला, आणि इंजिन बंद असतांनाच पंखा फिरूं दिला. पाऊण तासानें कांटा खालीं आला. पुढचा रस्ता त्यांनीं वातानुकूलन बंद ठेवून काटला. आई वांचली; परंतु तो पाऊण तास तिच्या जिवावर बेतला असता हें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. आपण ज्याला 'गाडीचा किरकोळ सुटा भाग' म्हणतों त्याचें मोल जेथें दवाखाना पन्नास-साठ किलोमीटरांवर असतो तेथें निराळ्या मापानें मोजावें लागतें.

या प्रसंगांत विजेच्या पंख्याला दोष द्यावा कीं तो बसविणाऱ्याला? मला वाटतें, तार बारीक होती हा एक दोष, आणि आच्छादन काढलें हा त्याहून मोठा. पुष्कळ कारागीर तें आच्छादन हात घालण्यास अडचण करतें म्हणून एकदां काढतात तें पुन्हां बसवीतच नाहींत. वस्तुतः पंखा रेडिएटरच्या संपूर्ण पृष्ठभागांतून हवा ओढतो तो या आच्छादनाच्या जोरावर. तें नसलें कीं पंखा पुढून हवा ओढण्याऐवजीं आपल्याच कडेची गरम हवा पुन्हां पुन्हां घुसळीत राहतो. पातीं आच्छादनांत साधारण अर्धीं आंत व अर्धीं बाहेर असावींत आणि कडेला फार मोठी फट नसावी. माझें स्पष्ट मत असें कीं, उन्हाळ्यांत उकळणाऱ्या दहा जुन्या गाड्यांपैकीं निदान कांहीं तरी केवळ हें आच्छादन परत बसवून आणि डबी बदलून बऱ्या होतील. विजेच्या पंख्याचा खर्च करण्याचें कारणच उरणार नाहीं.

विजेचा पंखा बसवितांना होणारी आणखी एक चूक हास्यास्पद वाटली तरी विरळ नाहीं. दोन तारांची अदलाबदल झाली कीं मोटर उलटी फिरते. गाडी उभी असतांना पंखा फिरतो, आवाज येतो, सारें ठीक दिसतें. परंतु तो हवा समोर ढकलीत असतो, आणि गाडी चालूं लागली कीं समोरून येणारा वारा व पंख्याचा वारा यांची झुंज जुंपते. एक कागदाचा कपटा रेडिएटरसमोर धरून तो जाळीला चिकटतो कीं उडून जातो एवढें पाहिलें तरी पुरे. पंखा रेडिएटरच्या मागें बसवून हवा ओढून घेणारा असावा; पुढें बसवून हवा ढकलणारा पंखा स्वतःच्या अंगानें येणाऱ्या वाऱ्याची वाट अडवितो.

हा झाला उन्हाळा. जून उलटला कीं या भागाचें रूप पालटतें. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांना पूर येतात. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम, तेथें पर्लकोटेचें पाणी चढलें कीं गांवाचा रस्ता तुटतो, हें दरवर्षींच्या वर्तमानपत्रांतून आपण वाचतों. आंतल्या वाटांवर तर लहान नाले आणि बुटके रपटे जागोजागीं. गुडघाभर पाण्यांतून गाडी नेण्याची वेळ तेथें कोणावरही येते, आणि तेथें पंख्याचा प्रश्न अगदीं निराळें रूप घेतो.

पंखा हवा मागें फेंकतो, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें हवा त्याला पुढें ढकलते. हवेंत हा धक्का नगण्य असतो. परंतु फिरतीं पातीं पाण्यांत बुडालीं म्हणजे तींच बोटीच्या मळसूत्री पात्यांसारखीं वागतात. पाणी त्यांना जोरानें पुढें रेटतें, पातीं वांकतात, आणि समोरच्या रेडिएटरच्या नळ्या कापून काढतात. नाल्याच्या मध्यावर रेडिएटर फुटला म्हणजे पुढें काय हें सांगावयास नको. तेलाची डबी असलेला पंखा थोडा घसरून हा आघात सौम्य करतो, तरी धोका राहतोच. जुने चालक पंप निराळ्या पट्ट्यावर असेल तर पंख्याचा पट्टा काढून ठेवतात, किंवा गाडीच्या नाकावर ताडपत्री बांधतात, म्हणजे पुढें पाण्याची लाट उसळते व इंजिनाजवळचें पाणी खालीं राहतें. एकच पट्टा पंपालाही फिरवीत असेल तर तो काढणें क्षणापुरतेंच चालतें, कारण पंप थांबला कीं इंजिनांतील पाण्याचें फिरणें थांबलें.

विजेचा पंखा येथें सरळ सरळ जिंकतो, पण एका अटीवर. चालकाच्या हातापाशीं तो बंद करण्याचें बटण असलें पाहिजे. नाल्याच्या कांठाशीं थांबावें, बटण बंद करावें, पाणी संथपणें ओलांडावें, पलीकडे चढल्यावर पुन्हां सुरू करावें. बटण नसेल तर ऐन मध्यावर उष्णतेची कळ पंखा सुरू करते, पाण्याच्या ओझ्यानें मोटर बेसुमार वीज ओढते आणि फ्यूज उडतो. शिवाय तापलेली मोटर गार पाण्यांत बुडाली कीं आकुंचन पावणाऱ्या आंतील हवेच्या जागीं गाळासकट पाणी ओढलें जातें. त्या गाळानें मोटरचीं धारकें महिन्या-दोन महिन्यांत कुरकुरूं लागतात. पावसाळ्यांत वरचेवर नाले ओलांडणाऱ्यानें मोटर ही झिजणारी वस्तु समजून दुसरी जवळ बाळगावी. हें सारें गुडघाभर, शांत पाण्याविषयीं चाललें आहे. रपट्यावरून पाणी वाहत असतांना, आणि खालचा दगड दिसत नसतांना, कोणताही पंखा गाडीला वांचवीत नाहीं, तेथें थांबावें.

मग निवड काय करावी? आमच्या ओळखीच्या त्या कुटुंबानें शेवटीं जें केलें तें मला पटतें. पट्ट्याचा मूळ पंखा नव्या डबीसह परत बसविला, आच्छादन शोधून लावलें, आणि वातानुकूलनाच्या जाळीपुढें विजेचा एक लहान पंखा, स्वतंत्र जाड तार, रिले, फ्यूज व हातचें बटण यांसह, जोडीला दिला. पुढें बसविलेला पंखा वाऱ्याची वाट थोडी अडवितो हें मीं आतांच सांगितलें. परंतु तो लहान आहे, आणि गाडी बाजारांत उभी असतां त्याची मदत त्या अडथळ्यापेक्षां मोलाची आहे. पट्टा तुटला तर पंपही थांबतो आणि गाडी पुढें जात नाहीं, म्हणून एक नवा पट्टा व तो बसविण्याचा पाना गाडींत कायम असतो. ज्याची गाडी मुख्यतः चंद्रपूर शहरांत आणि नागपूरच्या रस्त्यावर चालते त्यानें मात्र केवळ विजेचे पंखे लावले तरी मी त्याला नांवें ठेवणार नाहीं. अल्टरनेटर आणि तारा यांचा खर्च त्यानें आधीं केलेला असावा. आणि ज्याला एटापल्ली-भामरागडच्या आंतल्या वाटांवर वर्षाचे बाराही महिने जावें लागतें, शिक्षक असो, परिचारिका असो, धान्याचा व्यापारी असो, त्यानें जोडपंख्याची ही व्यवस्था स्वीकारावी असें मी म्हणेन. ती थोडी महाग पडते व इंजिनापुढें गर्दी होते, पण दोहोंपैकीं एक पंखा बंद पडला तरी दुसरा गाडीला रस्त्याच्या टोंकापर्यंत नेतो.

पंखा कोणताही असो, होळीच्या सुमारास, म्हणजे मोहाचीं फुलें वेंचण्याचा हंगाम सुरू होतो त्या वेळीं, रेडिएटरची जाळी एकदां धुऊन घ्यावी. गवताचें बीं, पतंग आणि धूळ यांनीं ती समोरून बुजलेली असते. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस सोडावी, म्हणजे कचरा ज्या वाटेनें आला त्याच वाटेनें निघून जातो. समोरून धार मारली तर तो अधिकच आंत रुततो. धार बेताची असावी, कारण जाळीचीं पातळ पातीं जोराच्या पाण्यानें मुडपतात. रेडिएटरमध्यें नळाचें किंवा विहिरीचें पाणी न भरतां शीतक द्रव आणि शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी निम्मेंनिम्म घालावें. या भागांतील विहिरींच्या पाण्यांत क्षार असतात आणि त्यांचा थर नळ्यांत बसला म्हणजे बाहेरून कितीही वारा घातला तरी आंतील उष्णता बाहेर येत नाहीं. आणि विजेचा पंखा असलेल्या गाडीचें बॉनेट उघडल्यावर, इंजिन बंद असलें तरी, मुलांना तेथें हात घालूं देऊं नये. कित्येक गाड्यांत तो पंखा किल्ली काढल्यानंतरही आपोआप सुरू होतो.